मायच्या पसंतीचा मुक्काम

आमच्या बाबांनी सारा जन्म दुसऱ्यांचे बिछाने घातले. हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही. त्यांना त्या कामाचा भारी अभिमान होता, आणि त्या अभिमानाचा ताप आम्हा घरच्यांना. चांद्याच्या कचेरीत ते चपराशी होते, तेही दौऱ्यावरचे. साहेब जंगलात जायचे असले की बाबा आदल्या दिवशीच बैलगाडीत वळकट्या, कंदील आणि चहाची पेटी भरून पुढे निघत. साहेब पोचायच्या आत तिथला सरकारी बंगला झाडून लख्ख, मच्छरदाणी बांधलेली, न्हाणीत पाणी कढत. मग साहेब आत पलंगावर आणि बाबा बाहेर व्हरांड्यात सतरंजीवर.

घरी परतले की आठ दिवस त्या बंगल्यांच्याच गोठी, म्हणजे गोष्टी, चालत.

"नदीवरच्या बंगल्यातल्या आरामखुर्चीत बसलं न, का माणसाचे पाय आपोआप लांब होते," बाबा सांगत.

"तुमी बसले होते का तिच्यात?" माय चुलीपुढून विचारी.

"मी कसा बसन?"

"मंग पाय लांब होते हे तुमाले कसं समजलं?"

बाबा लगेच दुसऱ्या बंगल्याकडे वळत. पण दर वेळी गोठ संपताना ते एक वचन मात्र देत. "एक डाव मी तुले नेतो. व्हरांड्यात दोन खुर्च्या टाकतो. एकीवर तू, एकीवर मी. समोर जंगल. कोणी आवाज देणार नाई, कोणी ऊठ म्हणणार नाई." माय हसून भाताचं गंज खाली उतरवी. ती हे सारं एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून देते, असं मला लहानपणी वाटायचं. मोठी झाल्यावर कळलं की ती दर वेळी ते खरं धरत होती आणि वाट बघत होती.

बाबा निवृत्त झाले त्याच दिवाळीत आमचा चांदा जिल्हा मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला. "मी सुटलो अन् सरकारच बदललं," असं बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, जणू त्यांच्यावाचून जुन्या सरकारचं चाललंच नसतं. जुन्या साहेबांचीही बदली झाली होती. जाता जाता त्यांनी बाबांना विचारलं, तुला काय हवं? लोक अशा वेळी मुलाला नोकरी मागतात, निदान घड्याळ तरी मागतात. बाबांनी जंगलातल्या बंगल्यात बायकोसह चार दिवस मागितले. साहेबांना हसू आलं. ते म्हणाले, दिले. कोणता बंगला ते तूच ठरव.

ठरव म्हणे! तिथेच तर सारं घोडं अडलं.

मी दिवाळीला माहेरी आले होते, त्यामुळे तो निवडीचा सोहळा मला पुरेपूर बघायला मिळाला. चांद्याच्या जंगलातला असा एक बंगला नव्हता जिथे बाबांनी मच्छरदाणी बांधली नसेल. आणि ते सगळ्या बंगल्यांना साहेबांच्या मापाने मोजत होते. टब आहे का, चिनी मातीचे कप किती धड आहेत, खानसामा कटलेट करतो का. मायने उभ्या आयुष्यात कटलेट खाल्लं नव्हतं आणि खायची तिची काही इच्छाही नव्हती, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. शेवटी तीन बंगले उरले. माय अंगणात सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. बाबा तिच्यासमोर उभे राहून एकेक बंगला सादर करू लागले. उभं राहूनच. बसून बोलणं त्यांना जमतच नसे.

पहिला वैनगंगेच्या काठचा, सगळ्यांत थोर. विलायती टब, गालिचे, आणि आतच कमोड. त्या कमोडचं वर्णन त्यांनी इतकं रंगवलं की मायचे हात थांबले.

"म्हंजे घरातच?"

"घरातच. साहेबलोकाइची तशीच रीत हाय."

"अन् बाजूच्याच खोलीत झोपाचं, जेवाचं?"

"मंदात दार हाय न!"

"राहू द्या तुमचं दार," माय म्हणाली, आणि पहिला बंगला तांदळातल्या खड्यांबरोबर बाहेर गेला.

दुसरा टेकडीवरचा. तिथून म्हणे सकाळी धुक्यात बुडालेलं सारं जंगल पायाखाली दिसतं. मायला ते आवडलं. मग तिने विचारलं, पाणी कुठून येतं? बाबा अभिमानाने म्हणाले की दोन माणसं खालच्या नाल्यावरून कावडीने आणतात, साहेबांना टबभर लागतं.

"माझ्या आंगोळीसाठी दोन माणसं डोंगर चढन? अन् मी वरून धुकं पाहू? मले नाई जमत."

तिसरं नाव बाबांनी अगदी नाइलाजाने घेतलं. कोसमटोला. गवताने शाकारलेल्या दोन खोल्या, पुढे व्हरांडा, मागे तलाव, बाकी चहूकडे सागवान आणि बांबू. वीज तर सोडाच, धड सडकही नाही. खानसामा नाही. टबाच्या ऐवजी पितळी घंगाळ. "तिथी साहेबलोक जातच नाई," बाबा कमीपणाने म्हणाले. "वर्सातून एखांदा भुलून गेला तं गेला."

मायने सूप खाली ठेवलं.

"साहेबलोक जातच नाई?"

"नाई."

"मंग तोच. मले असा बंगला पाहिजे का जिथी तुमाले आवाज देणारा कोणीच येत नाई."

 बाबा मिशीवरून हात फिरवत राहिले. मी मात्र तिथल्या तिथे जाहीर केलं की मीही येणार. सासरी परतायची मला घाई नव्हती, आणि या दोघांना खुर्चीत बसलेलं माझ्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी काही हलणार नव्हते.

मूल गावापर्यंत आम्ही सर्विस मोटारीने गेलो, एका ओळखीच्या घरी मुक्काम केला आणि सकाळी सुकलू नावाच्या गाडीवानाच्या रेंगीत बसलो. रेंगी म्हणजे आमच्याकडची माणसं न्यायची हलकी बैलगाडी. अंगातली सगळी हाडं जागेवर आहेत की नाहीत याची ती वाटेत खात्री करून देते. पावसाळा सरला होता, पण जंगल अजून ओलं आणि हिरवंगार होतं. वाटेच्या दोन्ही बाजूंनी गवत बैलांच्या शिंगांवर गेलेलं. मध्येच उघडं पडलं की पिवळ्या पडू लागलेल्या धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आणि पुन्हा जंगल. बाबा पुढे ताठ बसून, प्रत्येक वळणावर कोणते साहेब कुठे घसरले होते ते सांगत होते. माय मात्र दर थोड्या वेळाने "थांब रे बाबू सुकलू" म्हणून खाली उतरायची. कुठे आवळे वेचायची, कुठे नाल्यात पाय बुडवून उभी राहायची. चांद्याच्या गल्लीत पंधरा घरांत एक नळ वाटून घेणारी ही माझीच माय का, असं मला वाटू लागलं. तिची चालसुद्धा बदलली होती.

कोसमटोल्याला पोचेतो ऊन उतरणीला लागलं होतं. बंगल्याचा चौकीदार झिंगू धावत आला. त्याची आणि बाबांची जुनी दोस्ती, तो बाबांना त्यांच्या दादाजी या नावानेच हाक मारी, आणि आल्याबरोबर दोघांची जुंपली ती वळकटी कोणी उचलायची यावरून.

"दादाजीभाऊ, आज तुमी सायब. सोडा ते."

"तू सोड. तुले गाठ मारता नाई येत, तू काय उचलशील?"

दोघं दोन बाजूंनी ओढत ती वळकटी आत घेऊन गेले. मग बाबांनी चौकटीवरून बोट फिरवून धूळ पाहिली, पलंगाची नवार दाबून पाहिली आणि झिंगूला दोन शब्द सुनावले. झिंगूही हात जोडून "जी हुजूर" म्हणत उभा. दोघांना भारी मजा येत होती.

मायला त्यांनी व्हरांड्यातल्या आरामखुर्चीत बसवलं. ती आधी कडेवरच टेकली. मग हळूच मागे रेलली, आणि तिचे पाय खरंच लांब झाले.

"अवो, खरंच लांब होते वो!" ती ओरडली.

बाबांचा चेहरा इतका फुलला की मला भडभडून आलं. त्यांनी शेजारी दुसरी खुर्ची आणून मांडली, रुमालाने झटकली. आता बसणार, असं वाटलं. तेवढ्यात त्यांना आठवलं की पाणी तापवायचंय. मग कंदिलाच्या काचा पुसायच्या राहिल्यात. मग चहा. "बसतो, बसतो, एवढं झालं का बसतोच," असं म्हणत त्यांच्या येरझाऱ्या चालू. माय त्या रिकाम्या खुर्चीवर हात ठेवून बसली होती. ती रागावली नव्हती. इतकी वर्षं वाट पाहिलेल्या बाईला अर्ध्या तासाचं काय?

शेवटी बाबांनी हात पुसले, टोपी नीट केली आणि खुर्चीपाशी आले. आणि झाडीतून जीपगाडीचा आवाज आला.

पुढे जे झालं ते बाबांनी केलं असं मी म्हणणार नाही. ते त्यांच्या हातापायांनी केलं. जीप अजून बांबूच्या आड होती तोवर ते "ऊठ, ऊठ, सायब आले" म्हणून आत पळाले. पलंगावरची आमची वळकटी गुंडाळून बाहेर आली. मायची पिशवी, माझं गाठोडं, आवळे, सगळं व्हरांड्याच्या कोपऱ्यात. जीप थांबली तेव्हा बाबा पायरीखाली सलाम ठोकून उभे होते, आणि माय खुर्चीपासून चार हातांवर, पदर सावरत.

जंगलखात्याचे नवे साहेब होते, गद्रे नावाचे. तिकडे नाशिककडून नुकतेच बदलून आलेले, तरुण, उत्साही. आडरानातला एकेक बंगला स्वतः पाहायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. माणूस वाईट नव्हता. कोपऱ्यातलं सामान पाहून ते गोंधळले.

"अहो, इथे कोणी उतरलंय का? मी अवेळी आलो वाटतं."

"कोणी नाई सायब," बाबा म्हणाले. "आपलेच माणसं हाये. कोणी नाई."

साहेब म्हणत होते की दोन खोल्या आहेत, तुम्ही एकीत राहा, मला एक पुरे. बाबा म्हणत होते, नाही नाही, आम्ही व्हरांड्यात मजेत राहू. हे सगळं चाललं असताना मी मायकडे पाहिलं. तिने "कोणी नाई" ऐकलं होतं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला बघवेना. बाबांचा मला असा राग आला की ती खुर्ची उचलून जीपवर घालावी.

मायने वळकटी काखेत मारली.

"तुमचा काई दोष नाई सायब, तुमी आरामात झोपा," ती शांतपणे म्हणाली. मग बाबांकडे वळली. "आपण कोणीच नाई, तं इथी राहून काय करू? चाल वं कमळा."

आणि ती निघाली. व्हरांड्यामागून तलावाकडे जाणाऱ्या पायवाटेने, एकदाही मागे न पाहता. मी गाठोडं आणि भांडी उचलून तिच्या मागे. बाबा साहेबांना सलाम करावा की बायकोमागे धावावं या पेचात मागे राहिले. दोन्ही केलं, आधी सलाम.

तलाव मोठा होता आणि शिंगाड्याच्या वेलांनी अर्धा झाकलेला. कार्तिकात शिंगाडा तयार होतो. तेव्हा तो राखायला मासेमार ढिवर लोक पारीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, झोपड्या टाकून महिनाभर राहतात. तशा तीन झोपड्या होत्या. माझी माय ढिवराचीच लेक. अशाच एका पारीवर तिचं लहानपण गेलं होतं. आजा-आजी गेले, मामा गेला, माहेर मोडलं आणि नंतर तलावाचं तोंड पाहायचा योग तिला आला नव्हता. हे मला माहीत होतं, पण ते किती खोल आहे हे पारीवर चढताना तिचा श्वास ऐकला तेव्हा समजलं.

आता निवड सुरू झाली तिची. बाबांनी बंगल्यात फिरवलं होतं त्याहून कडक बोट तिने त्या झोपड्यांवर फिरवलं. पहिलीत वाकून वास घेतला आणि मागे सरली. आत जाळी सुकत होती. दुसरीचं दार वाऱ्याच्या तोंडाला होतं. "इथी रातभर कुडकुडन माणूस," म्हणाली. तिसरी तिने तीनदा फिरून पाहिली. बांबूचे तट्टे शेणामातीने लिंपलेले, वर नवं गवत, दार उगवतीला, पाण्यावर उघडणारं. आत जमिनीवर तणसाचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा, जाड थर. तिने त्यावर तळवा दाबला, मूठभर तणस नाकाशी नेलं आणि डोळे मिटले.

झोपडीची मालकीण चंदाबाई उकडलेले शिंगाडे टोपलीत ओतत होती. ती हे सगळं तोंडाला पदर लावून पाहत होती.

"काय पाहून राह्यली वो बाई? विकत घेतं का?"

"दोन-तीन रोज झोपाले देशीन का?" मायने सरळ विचारलं.

"इथी? अन् तो सरकारी बंगला सोडून?"

"त्याच्यात बहुत खुर्च्या हाये," माय म्हणाली. "मले खालीच बरं वाटते."

चंदाबाईला यातलं किती कळलं कोण जाणे, पण तिने दुसरा प्रश्न केला नाही. तिचा नवरा शेजारच्या गावी धान कापायला गेला होता आणि तिला बोलायला माणूस हवंच होतं. तिने आत अर्धी जागा करून दिली आणि तिघींच्या मध्ये शिंगाड्याची टोपली ठेवली. बाबा धापा टाकत पोचले तेव्हा आम्ही गरम शिंगाडे सोलून खात होतो. चहाची पेटी मात्र ते बरोबर घेऊन आले होते. सवय!

"कमळाची माय, साहेब म्हणते एक खोली..."

"शिंगाडे खा," माय म्हणाली, आणि तो विषय तिथेच संपवला. बाबांनी उभ्या उभ्याच शिंगाडे खाल्ले आणि रात्री झोपडीच्या दाराबाहेर सतरंजी टाकली.

सकाळी मी उठले तेव्हा झोपडीत कोणी नव्हतं. पाण्यावरून हसण्याचा आवाज येत होता. चंदाबाईचा डोंगा, झाडाच्या एका खोडातून कोरून काढलेली ती अरुंद होडी, वेलांमध्ये उभा होता. त्यात पुढे माझी माय, कासोटा मारून, कोपरापर्यंत हात पाण्यात. शिंगाड्याचा वेल उचलून पलटवायचा, तयार तेवढे खुडायचे आणि वेल पुन्हा तसाच पाण्यावर सोडायचा. तिचे हात हे विसरले नव्हते. बोटांना काटे टोचत होते आणि ती दर काट्याला शिवी देत होती, आणि दर शिवीला दोघी खिदळत होत्या. मायला शिव्या येतात हे मला माहीत नव्हतं. तिला असं हसता येतं हेही नाही.

पारीवर बाबा होते. तीन दगडांची चूल मांडून त्यांनी चहा चढवला होता. पांढरा सदरा, टोपी, कमरेला रुमाल. पाण्यावर लक्ष ठेवून ते चहाचा रंग बघत होते. डोंगा काठाला लागला तशी त्यांनी एका पळसाच्या पानावर पितळी पेला ठेवला, दोन्ही हातांनी धरला आणि मायपुढे येऊन किंचित वाकले. अगदी रीतसर. इतकी वर्षं ते दौऱ्यावर जाऊन काय करत होते ते मायने पहिल्यांदाच पाहिलं.

ती चिखलाच्या पायांनी पारीवर बसली. "ठेवा खाली. अन् बसा."

"पाणी तापवाले ठेवतो तुह्यासाठी..."

"बसा म्हणते न."

"मले बसता येत नाई, कमळाची माय," बाबा अचानक म्हणाले. आवाज पार बारीक झाला होता. "काल बसाले गेलो, तं कंबरच वाकेना. उभं राहाची सवय लागली."

मायने पायांवरचा चिखल बोटाने खरवडला.

"सवयीचं मले समजते," ती म्हणाली. "पण काल तुमी मले कोणी नाई म्हणले. मी तीस वर्सं घरी बसून कोणाची वाट पाहून राह्यली होती?"

 बाबा गुडघ्यावर हात टेकून, एखादं जड ओझं उतरवावं तसे, हळूहळू तिच्या शेजारी खाली बसले. सदऱ्याला चिखल लागला. मायने थोडं सरकून जागा केली. मी चुलीतली लाकडं उगीचच पुढेमागे करत राहिले, कारण त्यांच्याकडे थेट पाहिलं असतं तर मला रडू आलं असतं.

आणि तेवढ्यात पारीच्या त्या टोकाला गद्रे साहेब दिसले. गळ्यात दुर्बीण, पायांत बूट. पाखरं बघायला निघाले असावेत. मागे झिंगू त्यांची छत्री घेऊन. ते सरळ आमच्याच दिशेने येत होते.

मी बाबांकडे पाहिलं. मायने पाहिलं नाही. ती मुद्दाम पाण्याकडेच बघत राहिली, पण पदराचं टोक तिने मुठीत आवळलं होतं. बाबांचा हात टोपीकडे गेला. टाचा जमिनीत रुतल्या, गुडघे वर उचलले गेले. साहेब जवळ आले, अजून जवळ आले. झिंगूने मागून भुवया उडवून खुणा केल्या, अरे ऊठ, ऊठ.  पण त्यांनी तो टोपीकडे गेलेला हात खाली आणला आणि आपल्याच गुडघ्यावर दाबून धरला.

"राम राम सायब," ते बसूनच म्हणाले.

"राम राम, राम राम," साहेब म्हणाले. बिचाऱ्यांना कालचं मनाला लागलं होतं. "काल माझ्यामुळे तुमची फार गैरसोय झाली. मला आधी कळलंच नाही की कोणी..."

"मीच तुमाले बराबर सांगतलं नाई, सायब." बाबांनी घसा खाकरला. मग मायकडे हात केला आणि कचेरीत साहेबांच्या नावाचा पुकारा करत तशा खणखणीत आवाजात म्हणाले, "हे भागीरथाबाई. माझी बायको. हिच्यासाठी आमी मुक्कामाले आलो."

चुलीतलं लाकूड माझ्या हातातच राहिलं. तेव्हा आमच्यात नवरा-बायको एकमेकांचं नाव तोंडात घेत नसत. लग्नाकार्यात उखाणा घ्यायला लावला तर घ्यायचं, तेही लाजत, मान खाली घालून. बाबांच्या तोंडून मी जन्मापासून "कमळाची माय" एवढंच ऐकलं होतं. आणि इथे भर सकाळी, परक्या साहेबासमोर, झिंगूसमोर, चंदाबाईसमोर, त्यांनी पुकारा करून तिचं नाव घेतलं होतं. तलावापलीकडच्या झाडीवरून ते नाव परत आलं.

माय कानापर्यंत लाल झाली. तिने पदर डोक्यावरून पार नाकापर्यंत ओढला. आतून तिचे खांदे हलत होते. रडते की हसते, कळेना. साहेबांना काय घडलं ते उमगलं नसावं, पण काहीतरी घडलंय एवढं कळलं. त्यांनी बूट काढले आणि तेही पारीवर खाली बसले. चंदाबाई मात्र कुठली सोडतेय! डोंग्यात उभी राहून तिने टाळी वाजवली.

"बाप्पा बाप्पा! भाऊनं नाव घेतलं! आता बाईचा नंबर! घे वो बाई, घेतल्याबिगर मी शिंगाडे नाई देत कोणाले!"

झिंगू छत्री बगलेत मारून "घ्या, घ्या" म्हणू लागला. मीही म्हटलं, "माय, घे न." बाबा समोर बघत बसले होते, छाती पुढे काढून आणि भलतेच घाबरून.

मायने पदर मागे सारला. तिचे डोळे ओले होते आणि ती हसत होती. पळसाच्या पानावरचा तो पितळी पेला तिने उचलला. साहेब पाहुणे, म्हणून मला वाटलं ती तो त्यांना देईल. तिने तो बाबांपुढे धरला.

"मले उखाणा-बिखाणा जमत नाई," ती म्हणाली. "दादाजी, चहा घ्या. थंडा होऊन राह्यला."